गळकी मत्स्यपेटी : दुरुस्त करावी की नवी घ्यावी?



इतिहासाच्या अध्यापकाने सनावळ्या बाजूला ठेवून माशांच्या पेटीच्या गळतीविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. पुण्यासारख्या शहरात बैठकीच्या खोलीत, आणि खेड्यातल्या शाळेत विज्ञानाच्या कपाटाशेजारी, काचेची मत्स्यपेटी आता नवलाईची राहिलेली नाही. कधीतरी एखाद्या सकाळी तिच्याखालचे फडके ओले लागते. लगेच घरात दोन पक्ष पडतात. आजोबा म्हणतात, "अरे, बाहेरून थोडी लांबी भर म्हणजे झालं." नातू म्हणतो, "आजोबा, त्यापेक्षा नवीनच आणू ना!" शाळेत मुख्याध्यापक विचारतात, "गुरुजी, हा खर्च दुरुस्तीच्या खात्यात टाकायचा की खरेदीच्या?" आणि या वादात पेटीतले मासे कोणत्या बाजूचे आहेत, हे कोणी विचारीत नाही.

आजोबा आणि नातू दोघेही आपापल्या काळाचे बोलत असतात. पाणी धरून ठेवणारे भांडे गळू लागले म्हणजे काय करावे, याचे उत्तर त्या त्या काळात भांड्याचा सांधा कशाने जोडीत असत यावर अवलंबून राहिले आहे. सांधा बदलला की शहाणपणही बदलते. ते कसे, हे पाहण्यासाठी आपण पुण्याच्या जुन्या हौदापासून निघू आणि आजच्या काचेच्या पेटीपाशी येऊन थांबू.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यात आणले गेले. तलावापासून शहरापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ होता. वाटेत जागोजाग उच्छ्वास ठेवलेले होते आणि शहरात आल्यावर ते पाणी ठिकठिकाणच्या हौदांत पडे. शनिवारवाड्यातील हजारी कारंजे याच पाण्यावर उडे. पेठांतून सार्वजनिक हौद होते आणि ऐपतीच्या माणसाच्या वाड्यातही हौद असे. घरचा हौद ही केवळ सोय नव्हती. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. समाजाने ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांना एका घरच्या हौदाने पाणी दिले. पाणी साठवणाऱ्या वस्तूची किंमत तिच्या दगडविटांवरून होत नाही, तिच्या आधाराने कोण जगते यावरून होते. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता हा हौद गळू लागला तर काय करीत? हौद उपसून कोरडा करीत, दरजा खरवडून मोकळ्या करीत आणि घाणीत मळलेला चुना पुन्हा भरीत. चुन्याचा मोठा गुण असा की जुन्या चुन्याला नवा चुना धरतो. इतकेच नव्हे, तर बारीक चिरेतून पाणी झिरपत असले म्हणजे चुन्याचा अंश पाण्यात विरघळतो आणि त्याच चिरेत पुन्हा बसतो. कितीतरी बारीक चिरा अशा आपोआप बुजतात. त्यामुळे हौद गळला म्हणून कोणी दुसरा हौद बांधायला घेत नसे. गवंडी बोलावीत.

तांब्यापितळेच्या भांड्यांचेही तसेच होते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज अजून ऐकू येतो. घंगाळाला किंवा हंड्याला भोक पडले की ते झाळून आणावयाचे. झाळण्याच्याही पलीकडे गेले तर मोडीत घालावयाचे. त्या तांब्याचे पुन्हा नवे भांडे होई. म्हणजे 'दुरुस्ती' आणि 'नवे' ही दोन टोके नव्हती. एकाच धातूचे ते दोन जन्म होते. आजोबांच्या तोंडी "भरून टाक" हा शब्द येतो तो या परंपरेतून. तो कंजूषपणाचा शब्द नव्हे. माल महाग, मजुरी त्या मानाने स्वस्त आणि सांधा पुन्हा जोडता येण्याजोगा, अशा काळात तयार झालेले ते अनुभवाचे बोल आहेत.

काचेची पेटी मात्र या परंपरेतली नाही. हौदातला मासा आपल्याला वरून दिसतो, त्याची पाठ तेवढी दिसते. तो खातो कसा, कल्ले हलवतो कसे, अंडी कोठे घालतो, हे पाहावयाचे तर बाजूने पाहिले पाहिजे आणि त्याला काच हवी. १८३२ साली सिसिली बेटावरच्या मेसिना येथे जान व्हिलप्र-पॉवर या फ्रेंच बाईंनी समुद्री जीवांच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या करवून घेतल्या. अर्गोनॉट नावाचा शिंपल्यात राहणारा प्राणी आपला शिंपला स्वतःच तयार करतो, दुसऱ्याचा बळकावत नाही, हे त्यांनी या टाक्यांच्या साहाय्याने दाखवून दिले. त्याच सुमारास लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरांच्या ध्यानात आले की बंद काचेच्या पेटीत रोप स्वतःच्याच ओलाव्यावर जगते. पुढे अशाच पेट्यांतून चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आली. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला, काच स्वस्त झाली आणि या सगळ्या उद्योगाला बळ आले.

परंतु काच मिळाली एवढ्याने मासे जगले नाहीत. भांड्यातले पाणी दर दोन दिवसांनी नासे. या अडचणीवर रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने तोड काढली. त्यांनी काचेच्या टाकीत मासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नावाची, पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. ही वनस्पती आपल्याकडच्या तळ्यांतही आढळते. काही दिवसांनी तिची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी पाणगोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळले. वनस्पती प्राणवायू देते, मासा श्वास घेतो, गोगलगाय घाण निपटते. असा हा तिघांचा संसार जमला आणि १८५० साली त्यांनी तो अनुभव प्रसिद्ध केला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांचे या विषयावरचे पुस्तक आले आणि विलायतेत घरोघर काचेच्या टाक्यांचे वेड पसरले.

वॉरिंग्टन यांनी काचेची नवी पेटी शोधून काढली नव्हती. पाणी जिवंत कसे ठेवावे हे त्यांनी दाखविले. मत्स्यपेटी म्हणजे एकात एक अशा दोन वस्तू आहेत. बाहेर काचेचे घर आणि आत जमलेले पाणी. गळती होते ती घराला. निर्णय घेताना मात्र आतल्या संसाराचाही हिशेब करावा लागतो.

आता घराच्या बांधणीकडे वळू. त्या काळची टाकी लोखंडी चौकटीची असे. खाली बहुधा पाटीच्या दगडाची लादी, चारी बाजूंना लोखंडी अँगल आणि अँगलच्या आत लांबीवर बसविलेल्या काचा. ही लांबी खडूची पूड आणि जवसाचे तेल मळून करीत. अधिक पक्की हवी असल्यास तीत सफेता किंवा शेंदूर घालीत. शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग, तेव्हा ते विषारी. म्हणून टाकी भरून, उपसून, पुन्हा भरून मगच मासे सोडावे लागत. या बांधणीत एक खुबी होती. पाणी भरले की त्याचा दाब काचेला बाहेर, म्हणजे लांबीकडे आणि चौकटीकडे ढकली. पाणी जितके भरावे तितका सांधा घट्ट बसे. बारीक गळती असली तर पुष्कळदा दोन-चार दिवसांत ती आपोआप थांबे. उलट टाकी महिनोन्‌महिने रिकामी ठेवली तर लांबी वाळून तिला चिरा पडत आणि पुन्हा भरताना ती गळे. गळली तर लांबी खरवडावयाची आणि नवी भरावयाची. थोडक्यात, ही टाकी हौदाच्याच वंशातली होती. आजोबांचा सल्ला या टाकीला अगदी लागू पडला असता.

आपल्याकडे काचेच्या धंद्याला पुण्याच्या परिसरात एक अभिमानाचा इतिहास आहे. लोकांकडून पैसा-पैसा वर्गणी गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला आणि तेथे तरुणांना काचकाम शिकविले जाऊ लागले. मात्र काच फुंकून भांडी घडविणे वेगळे आणि मोठी सपाट, सारख्या जाडीची काच करणे वेगळे. ती सपाट काच जगात खरी सुलभ झाली १९५९ नंतर. त्या वर्षी इंग्लंडात पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करण्याची रीत जाहीर केली.

सार्वजनिक मत्स्यालयाचा थाट महाराष्ट्राने पाहिला तो मुंबईत. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. ते एका पारशी दात्याच्या देणगीमुळे उभे राहिले. सहलीला मुंबईस गेलेल्या किती शाळांच्या मुलांनी तेथे काचेला नाक लावून मासे पाहिले असतील याची गणती नाही. पुण्यातही जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानात मत्स्यालय होते. असे मासे पाहून आलेल्या मुलांनी घरी हट्ट धरावा आणि घरात एक पेटी यावी, हा क्रम ठरलेलाच.

मग १९६०च्या दशकात सांधाच बदलला. सिलिकॉन नावाचा रबरासारखा चिकट पदार्थ बाजारात आला. तो काचेला विलक्षण घट्ट धरतो, पाण्याने कुजत नाही आणि सुकल्यावरही लवचीक राहतो. त्याच्या जोरावर चौकट गेली, लांबी गेली आणि पाच काचा एकमेकींना चिकटवून उभी केलेली पेटी आली. आज घरोघर दिसते ती हीच. ती देखणी, हलकी आणि स्वस्त आहे. परंतु चौकटीच्या टाकीत भार घेई लोखंड आणि पाणी अडवी लांबी. आता ही दोन्ही कामे सांध्यातल्या एका पातळ थराकडे आली.

या थरावर भार किती येतो, तो हिशेब शिक्षकांनी वर्गात फळ्यावर जरूर करून दाखवावा. समजा पेटी ९० सेंटीमीटर लांब, ३० रुंद आणि ४५ उंच आहे. काठोकाठ भरली तर तीत सुमारे १२१ लिटर पाणी मावते. म्हणजे सव्वा क्विंटलच्या जवळपास वजन झाले. पुढच्या काचेवर वरच्या कडेला दाब शून्य, तळाशी चौरस सेंटीमीटरला ४५ ग्रॅम, म्हणजे सरासरी साडेबावीस. काचेचे क्षेत्रफळ ४,०५० चौरस सेंटीमीटर. गुणाकार केला की ९१ किलो येतात. एक मोठा माणूस आणि त्याच्या खांद्यावर एक मूल, इतक्या वजनाचा रेटा ती काच रात्रंदिवस सोसत असते. पेटीची उंची ३० असती तर हा रेटा साडेचाळीस किलो झाला असता. उंची ६० केली तर तो १६२ किलो होतो. उंची दुप्पट, रेटा चौपट! रुंदी मात्र कितीही वाढवा, पुढच्या काचेवरचा रेटा तेवढाच राहतो. धरणाच्या भिंतीचा नियमही हाच. मागे तलाव किती लांब पसरला आहे याला महत्त्व नाही, भिंतीशी पाणी किती खोल आहे याला आहे.

आणि येथे सिलिकॉनचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. ताजे सिलिकॉन स्वच्छ काचेला धरते, पण सुकलेल्या जुन्या सिलिकॉनला ते नीट धरत नाही. चुन्याला चुना धरतो, लांबीला लांबी धरते, सिलिकॉनला सिलिकॉन धरत नाही. आजोबांचे शहाणपण अडते ते नेमके येथे. जुन्या सांध्यावर वरून नवा थर लिंपला तर तो चार दिवस टिकल्यासारखा वाटतो आणि पाचव्या दिवशी सोलून निघतो. बाहेरून भरणे तर त्याहून व्यर्थ. पाणी आतून रेटते आणि बाहेरचा लेप ढकलून देते. पाणी अडवावयाचे ते ज्या अंगाला पाणी आहे त्या अंगाने. हौदाचा गवंडी आत उतरून दरजा भरी, तो याच कारणाने.

मग काय, नातवाचे म्हणणे खरे धरावे? त्याआधी पेटी खरोखर गळते आहे का, ते पाहावे. पुण्याच्या उन्हाळ्यात पेटीतले पाणी नुसत्या वाफेनेही रोज थोडे थोडे उतरते. म्हणून पेटीशेजारी एक भरलेली बादली ठेवावी आणि दोन्हींवर पाण्याच्या पातळीची खूण करावी. दोन्हींतले पाणी सारखेच उतरले तर ती गळती नव्हे. पंपाच्या नळीवरून ओघळणारा थेंबही फडके ओले करतो. म्हणून पंप, नळ्या, गाळणी सारे पुसून कोरडे करून पाहावे. खरोखर गळत असेल तर पेटीखाली कोरडा कागद पसरावा, पातळी उतरू द्यावी आणि ती कोठे थांबते ते पाहावे. पाणी ज्या उंचीवर येऊन थांबते त्याच उंचीवर बहुधा दोष असतो. पाणी थांबतच नसेल तर दोष तळाशी आहे.

यानंतर पाणसळ घ्यावी. होय, गवंड्याची पाणसळ! पेटी ज्या घडवंचीवर उभी आहे ती एका कोपऱ्यात खचली असेल तर काच पिळली जाते आणि सांधा उघडतो. पेटीखाली थर्मोकोलचा पत्रा घालण्याची चाल आहे, ती याचसाठी. घडवंची वाकडी ठेवून नवी पेटी आणली तर वर्ष-सहा महिन्यांत तीही गळेल. कारण जागेवर ठेवून वस्तू बदलणे, हा नव्या काळाचा दोष आहे. कारण दूर न करता वस्तू लिंपणे, हा जुन्या काळाचा.

दोष सापडल्यावर निर्णय बराच सोपा होतो. काच धड आहे आणि आतल्या कोपऱ्यातली सिलिकॉनची कड तेवढी सोलली आहे, अशा पेटीची दुरुस्ती करावी. मात्र ती चारदोन बोटांपुरती नको. पाते घेऊन आतली सगळी कड खरवडून काढावी, काच स्पिरिटने पुसावी, पूर्ण कोरडी करावी आणि मग नवे सिलिकॉन एका दमात भरावे. ते मत्स्यपेटीसाठीचे असावे. न्हाणीघरासाठी जे मिळते त्यात पुष्कळदा बुरशीनाशक औषध असते आणि ते माशांना घातक ठरते. भरताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो पुरता जाईपर्यंत, दोन-चार दिवस, थांबावे. नंतर पेटी अंगणात किंवा गच्चीत भरून निदान एक दिवसरात्र ठेवावी, आणि मगच आत आणावी.

दोन काचांच्या मधला सांधाच सुटला असेल, त्यात बुडबुडे किंवा पांढरट फट दिसत असेल, तर आतून कड भरून भागत नाही, कारण भार घेणारा तो थर आहे. पेटी सबंध सोडवून पुन्हा जोडावी लागते. मोठ्या पेटीसाठी जाणकार कारागीर मिळाला तर हे करणे परवडते, लहान पेटीला नवीच बरी. आणि काचेलाच तडा गेला असेल तर रेंगाळू नये. तडा पाण्याच्या दाबाने वाढत जातो आणि केव्हा उलेल याचा भरवसा नाही. मघाशी काढलेला ९१ किलोंचा आकडा आठवावा. ज्या खोलीत लहान मुले खेळतात, जेथे पेटीशेजारी विजेचे बटण आहे, तेथे तडकलेली पेटी ठेवणे म्हणजे काटकसर नव्हे.

ठिगळाचा मग काहीच उपयोग नाही का? आहे. तो वेळ मिळवून देण्याचा आहे. पुणेकरांना हे कोणी निराळे सांगावयास नको. १९६१च्या जुलैत पानशेतचे मातीचे धरण खचू लागले, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते धरून ठेवले. १२ जुलैला धरण फुटलेच आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले. पण पोत्यांनी मिळवून दिलेले ते तास गेले नसते तर लोंढा रात्रीच्या अंधारात आला असता. पुढे काय झाले तेही आपल्या विषयाशी जुळणारे आहे. खडकवासल्याचे १८७०च्या दशकातले दगडी धरण टाकून दिले नाही. फुटलेला भाग पुन्हा बांधून ते उभे केले आणि आजही ते पुण्याला पाणी देते. पानशेतचे मातीचे धरण मात्र नव्याने उभारावे लागले. ते १९७२ साली पुरे झाले. दिवस एकच, तरी दोन धरणांना उत्तरे दोन मिळाली, कारण बांधणी दोन प्रकारची होती. घरातल्या पेटीला रात्री गळती लागली तर बाहेरून चिकटपट्टी लावा, पाणी निम्म्यावर आणा, म्हणजे रेटा चौथाईवर येईल. पण सकाळी त्या पट्टीला दुरुस्ती म्हणू नका.

आता आतल्या संसाराकडे येऊ. दुरुस्ती करा किंवा नवी घ्या, मासे काही दिवस दुसरीकडे ठेवावे लागणारच. येथे पुष्कळांचा हात स्वच्छतेच्या हौसेने घात करतो. जुने पाणी ओततात, वाळू साबणाने धुतात, गाळणी घासून चकचकीत करतात, लखलखीत पेटीत नळाचे ताजे पाणी भरतात आणि आठ दिवसांत मासे उलटे तरंगू लागतात. कारण असे की माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो आणि तो विषारी असतो. वाळूत आणि गाळणीत वाढलेले सूक्ष्म जंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. शेवटचे नायट्रेट बरेच निरुपद्रवी असते. शेतकरी बंधूंना हे नवीन नाही, जमिनीत खत जिरते तेव्हा हेच घडते. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास हे जंतू वेगळे करून दाखविले. नव्या पेटीत त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून जुने पाणी बादल्यांत राखावे. वाळू आणि गाळणीचा स्पंज त्याच पाण्यात ओला ठेवावा आणि पाण्यात हवा खेळती ठेवावी. तो स्पंज वाळू देऊ नये. नळाचे पाणी घालावयाचेच तर क्लोरीन निघून जावे म्हणून एक दिवस उघडे ठेवून घालावे. काच नवी आली तरी चालेल, वस्ती जुनीच राहिली पाहिजे.

मघाशी फुल्यांच्या हौदाची गोष्ट सांगितली ती याचसाठी. पेटीची किंमत काचेच्या भावाने करू नये, तिच्या आधाराने कोण जगते यावरून करावी. दुरुस्ती की नवी, या प्रश्नाचा एक निकष असा की कोणत्या मार्गाने आतल्या जीवांचे हाल कमी होतील. कधीकधी दुरुस्ती स्वस्त असूनही तिला आठवडा लागतो, आणि मासे लहान बादलीत आठवडा काढू शकत नाहीत. अशा वेळी नवी पेटी घेणे हा उधळेपणा नव्हे.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर मुंबईला पडला. तारापोरवाला मत्स्यालयाचे नूतनीकरण होऊन २०१५ साली ते पुन्हा उघडले. तेव्हा माशांखालून चालता यावे असा पारदर्शक बोगदाही तेथे आला. २०२० साली करोनाच्या साथीत ते बंद झाले आणि पुढे तपासणीत इमारतच धोकादायक ठरली. आतल्या टाक्या नव्या करता येतात. बाहेरचे घर म्हातारे झाले की प्रश्न निराळा होतो. घडवंची आधी तपासावी, हाच धडा तेथेही मिळतो.

शाळांसाठी दोन शब्द अधिक. गळकी म्हणून बाजूला ठेवलेली पेटी भंगारात घालू नका. तिच्यात माती भरा, रोपे लावा, वर काच ठेवा. वॉर्डसाहेबांची रोपपेटी तयार झाली. पाऊस कसा पडतो आणि ओलावा कसा फिरतो, हे मुलांना तीत महिनोन्‌महिने पाहता येईल. पाणी धरणे हे तिचे काम संपले, शिकविणे संपले नाही. पाझर तलाव तर झिरपण्यासाठीच बांधतात, आणि त्याला आपण गळका तलाव म्हणत नाही.

मात्र पेटी मोडली म्हणून त्यातले मासे नदीत किंवा विहिरीत सोडू नका. ती दया नव्हे. शोभेसाठी आणलेले परदेशी सकर मासे आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. त्यांना बाजारात भाव नाही, त्यांच्या काट्यांनी जाळी मात्र फाटतात. मासे सांभाळणे जमत नसेल तर ते दुसऱ्या शाळेला द्यावेत किंवा दुकानदाराकडे परत करावेत.

शेवटी इतिहासाच्या अध्यापकाची एक सूचना. पेटी नवी घेतली किंवा सांधा नव्याने भरला की तिच्या मागच्या काचेवर कागदाची चिठ्ठी लावा आणि तीवर तारीख, सांधा कशाने भरला, आणि काय बिघडले होते, एवढे तीन शब्दांत लिहा. दहा वर्षांनी फडके पुन्हा ओले लागेल तेव्हा तुमच्या जागी कोणी दुसरे असेल. आजोबांचे खरे की नातवाचे, हे त्याला त्या चिठ्ठीवरून ठरविता येईल.